कनातीपल्याडची कुस्ती

"आयका वं मायबाईहो. लाल लंगोटवाला उतरला. मांड्या कशा म्हणसान, तर केळीच्या खोडावानी. नाई, थांबा. केळ नरम असते. बाभळीवानी."

चंपत अशी सुरुवात करायचा आणि पहिल्याच दमात स्वतःला दुरुस्त करायचा. मेडशीच्या जत्रेत तो तीस वर्षं हे करत आला होता. त्याची बायको आवडाबाई तीस वर्षं टेकाडाखाली, चिंचेच्या सावलीत, वांग्यांच्या टोपल्यांमागं बसून ते ऐकत आली होती. बाभूळ आली की बायकांत हसू पसरायचं, आणि मग कोणी बोलायचं नाही.

आखाडा मारोतीचा. तिथं बाईनं पाय ठेवायचा नाही. हे कोणी कधी लिहून ठेवलं नव्हतं, कोणी कधी विचारलंही नव्हतं. पण आत जे मातीत लोळत होते ते ह्याच बायकांचे लेक होते, भाऊ होते, कोणाचा नवरा होता. त्यांना कळायला तर पाहिजे. म्हणून कोण्या जुन्या काळी एकानं टेकाडावर उभं राहून सांगायला सुरुवात केली, मग त्याच्या मागून चंपतच्या बापानं, आणि मग चंपतनं. पुरुषांची कुस्ती आखाड्यात व्हायची आणि बायकांची चंपतच्या तोंडात.

टेकाडही आखाड्याचंच. दर साली जत्रेआधी जुनी माती काढून एका अंगाला फेकायची आणि नवी माती तेल, हळद, ताक घालून मळायची. फेकून फेकून तिचा दोन पुरुष उंच ढीग झाला होता. चंपत त्याच्या माथ्यावर उभा राहायचा, डोळे आखाड्याकडं आणि तोंड बायकांकडं. जत्रा संपली की दोन दिवस त्याची मान वाकडी राहायची आणि आवडाबाई तिला तेल चोळायची.

आवाज मात्र मोटेनं घडवलेला. बैलं धावेच्या उतारावरून टोकाला गेली, विहिरीतून मोट वर आली, की तिकडं शेवटच्या वाफ्यावर पाणी वळवणाऱ्या माणसापर्यंत हाक पोचली पाहिजे. आधी बापाच्या आणि मग स्वतःच्या मळ्यात चंपतनं एवढ्या हाका मारल्या होत्या की तो घरात हळू बोलला तरी शेजारची म्हैस मान वर करायची.

आवडाबाईला ढाक माहीत होती, कलाजंग माहीत होता, धोबीपछाड माहीत होता. यातलं तिनं काहीही पाहिलेलं नव्हतं. तरी ती आपल्या भावाशी डावांवरून वाद घालायची आणि जिंकायची.

*

त्या साली फाल्गुनात रिसोडचा जानराव मळ्यात आला. जानराव हंगामी ठेके घ्यायचा, कुठं बाजाराचा, कुठं नाटकाच्या तंबूचा. मेडशीच्या पंचांनी मारोतीच्या देवळावर कळस चढवायचं मनावर घेतलं होतं, म्हणून त्यांनी जत्रेतल्या कुस्त्या तीन सालांसाठी त्याच्या हवाली केल्या होत्या. आखाड्याभोवती कापडाची कनात लागणार होती आणि दाराशी तिकीट. गावात कुरकुर झाली. मग हिंगोलीकडचा मोठा पैलवान येणार असं कळलं आणि कुरकुर थांबली.

जानराव थारोळ्याच्या, म्हणजे मोट रिकामी होते त्या कुंडाच्या, दगडावर बसला, मोटेचं पाणी प्याला, काकडी खाल्ली. माणूस गोड होता. आदल्या साली तो मुंबईला जाऊन एका गोऱ्या पैलवानाची कुस्ती पाहून आला होता. पैलवानाचं त्याला विशेष वाटलं नव्हतं. त्याच्या ध्यानात राहिला होता तो कोपऱ्यात यंत्रापुढं बसून बोलणारा माणूस. तिकडं विलायतेत, अमेरिकेत, दोघं जण ठोसे मारतात आणि हजार कोसांवरचे लोक आपापल्या घरात ते ऐकतात, असं त्यानं सांगितलं. चंपतनं विचारलं, ह्याचा खर्च कोण करते? जानराव म्हणाला, साबणवाला. मधे मधे तो आपल्या साबणाचं नाव घ्यायला लावतो.

"साबनाचा आन् कुस्तीचा काय संबंध?" चंपत म्हणाला.

"पैलवानाले घाम येते ना," जानराव म्हणाला आणि स्वतःच हसला.

मग तो मुद्द्यावर आला. तिकडं असं असते म्हणाला, की ज्याची कुस्ती त्याचंच सांगणं. दुसऱ्या कोणी परस्पर सांगितली तर त्याला कोर्टात ओढतात. चंपतला वाटलं हीपण गंमतच आहे. पण जानराव आता हसत नव्हता.

"तुमी टेकाडावरून सांगता, चंपतभाऊ, आन् दोनशे मानूस बाहेर बसून आयकते. बाया तर बाया, मानसंही. मंग मी कनात कायले लावू?"

चंपतनं बैलं पुढं हाकली. तेवढ्यात मोट वर आली. तिच्या शिवणींतून पाणी गळत होतं, थारोळ्यात पडलं त्याहून जास्त विहिरीत परत गेलं. जानरावनं ते पाहिलं. चांगल्या म्हशीच्या कातड्याची, कारंज्याच्या चांभारानं शिवलेली नवी मोट आणून देतो, म्हणाला. बदल्यात चंपतनं जत्रेत फक्त गप्प राहायचं.

आवडाबाई पलीकडं वांग्यांच्या वाफ्यात पाणी वळवत होती. तिनं सगळं ऐकलं. शेवटच्या चार वाफ्यांत पंधरा दिवस पाणी पोचलं नव्हतं.

चंपतचं मत असं झालं की आपलं सांगणं म्हणजे काय, तोंडातून निघते तो वारा. त्याच्या बदल्यात अख्खी मोट! त्याला वाटलं, जानरावला आपणच फसवून राह्यलो. त्याला जरा वाईटही वाटलं. म्हणून त्यानं निघताना जानरावच्या गाडीत एक टोपली वांगी ठेवली.

*

करारनामा, सन १९३८. लिहून देणार चंपत वल्द तुळशीराम, धंदा बागाईत, राहणार मौजे मेडशी. लिहून घेणार जानराव, धंदा ठेकेदारी, राहणार रिसोड. कारणे लिहून देतो की, सदरहू जत्रेतील कुस्त्यांचे वर्णन मी स्वमुखाने, कनातीबाहेरील कोणाही इसमास ऐकू जाईल अशा आवाजात, करणार नाही. हातवारे करूनही सांगणार नाही. मोबदला, नवी मोट नग एक, मिळाली. हा करारनामा अक्कलहुशारीने, नशापाणी न करता लिहून दिला. निशाणी डावा अंगठा.

जानरावच्या मुनिमानं तो मळ्यात उभं राहून मोठ्यानं वाचला होता. "नशापाणी न करता" ह्याला चंपत हसला होता. आवडाबाईच्या कानात दुसराच एक शब्द राहिला. पण तेव्हा तिला त्याचं काही काम नव्हतं.

*

नव्या मोटेनं पाणी अख्खं वर आणलं. पहिल्या दिवशी शेवटच्या वाफ्यात पाणी शिरताना आवडाबाई तिथं उभी होती. काळी माती पाणी पिताना जो बारीक आवाज करते तो तिनं ऐकला, आणि तिला आनंद झाला. हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच पाण्याची वांगी घेऊन ती चैत्रात जत्रेला गेली.

चिंचेखाली बायका नेहमीसारख्या जमल्या. कनात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची होती, आखाड्याच्या चारी बाजूंनी ताणलेली. टेकाड तिच्या बाहेर राहिलं होतं. चतुराबाई आली आणि आवडाबाईच्या टोपल्यांना टेकून बसली. तिचा लेक बाबूसिंग शेवटच्या कुस्तीला होता, हिंगोलीवाल्याबरोबर. गावाच्या पोरानं एवढ्या मोठ्या जोडीला उतरावं असं मेडशीत पूर्वी झालं नव्हतं.

"आज तुह्या मालकाच्या तोंडून माह्या पोराचं नाव आयकाचं हाये," ती म्हणाली. "मंग पडो का जिंको."

आवडाबाईनं एक वांगं उचललं आणि पुन्हा त्याच जागी ठेवलं.

चंपत टोपल्यांच्या मागं बसला होता. त्यानं पागोट्याचा शेव तोंडावर गच्च बांधला होता. अंगठा दिला खरा, पण स्वतःच्या जिभेवर त्याचा भरवसा नव्हता.

डफडं वाजलं. पहिली जोड लागली असावी. बायकांनी टेकाडाच्या माथ्यावर नजर लावली. माथा रिकामा होता. आतून एकदम ओरडा आला आणि थांबला. कोणासाठी होता, कोण पडलं, काही कळलं नाही. दुसऱ्यांदा ओरडा आला तेव्हा एकीनं विचारलं, आवाज बसला का त्यांचा? मग आवडाबाईनं खरं काय ते सांगून टाकलं. मोट, कागद, अंगठा. तिला वाटलं बायका तोंड सोडतील. एक म्हणाली, नवी मोट कोन सोडते बाप्पा? दुसरीनं मान हलवली. सगळ्यांच्या घरी विहिरी होत्या, सगळ्यांना गळकी मोट माहीत होती. कोणी रागावलं नाही, आणि आवडाबाईला तेच सोसेना.

दरवर्षी बायकांच्या मागं दाटी करून उभे राहणारे पुरुष, गाडीवाले, वाटसरू, आज थोडा वेळ रेंगाळले आणि गाड्यांकडं जाऊन पडले. रेवड्यावाला माशा वारत बसला. एवढी मोठी जत्रा कापडाच्या आत जाऊन बसली होती आणि बाहेर दुपार नुसती पडून होती.

मग आतून नाव पुकारलं गेलं. बाबूसिंग.

चतुराबाई उठली. कनातीकडं दोन पावलं गेली आणि थांबली, कारण पुढं जाण्यात काही नव्हतं. ती चंपतकडं वळली. "भाऊ, एवढी एकच सांगा."

चंपतनं दोन्ही हात जोडले. मग डाव्या हाताचा अंगठा वर करून दाखवला. त्याच्यावर शाई उरली नव्हती, तरी त्यानं तो शाई असल्यासारखा अंगापासून दूर धरला होता.

आवडाबाईला मळ्यातला तो शब्द आठवला. स्वमुखाने. म्हणजे ह्याच्या तोंडानं. कागदात दुसऱ्या कोणाच्या तोंडाचं काही नव्हतं.

तिनं तराजू खाली ठेवला, पदर खोचला आणि टेकाड चढायला लागली. माती भुसभुशीत होती, पाय घोट्यापर्यंत जात होते. कुठं कुठं हळदीचा जुना वास येत होता.

*

पहिली गोष्ट तिला दिसली ती ही, की आखाडा लहान होता.

चंपतच्या सांगण्यात तो शेताएवढा असायचा. हा तर तिच्या मिरच्यांच्या तुकड्याएवढा. मधे दोन माणसं डोक्याला डोकं लावून उभी. मांड्या माणसांच्या मांड्यांसारख्या. ती वाट पाहत राहिली, आता सुरू होईल म्हणून.

"काय चाललं वं?" खालून आवाज आला.

"उभे हायेत."

"मंग?"

"उभेच हायेत."

खाली कुजबुज झाली. चंपतच्या तोंडून कधी कोणी नुसतं उभं राहिलं नव्हतं. त्याच्या कुस्तीत एक जण पट काढायचा, दुसरा सोडवायचा, लगेच ढाक लागायची, माती उडायची. इथं माती जागची हलत नव्हती. आवडाबाईला राग आला. तीस वर्षं! ज्या डावांवरून ती भावाशी भांडली, ते डाव झाले तरी होते का?

तिनं खाली पाहिलं. चंपत तोंड बांधून बसला होता आणि त्याची मान आपोआप आखाड्याच्या बाजूला वळली होती, जिथं त्याच्यासमोर फक्त कापड होतं. तो कापडाकडं बघत होता आणि कान तिच्याकडं होते.

ती परत वळली. आणि तिला टाच दिसली.

"बाबूसिंगची डावी टाच," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला. तिनं छाती भरून घेतली आणि शेवटच्या वाफ्यावरच्या माणसाला मारतात तशी हाक मारली.

"बाबूसिंगची डावी टाच मातीत चालली.

हिंगोलीवाला मोठा त्याले लोटून राह्यला. लोटताना दिसत नाई. पन टाच चालली.

बोटं वर आले. टाच खाली.

आता पहा, मायबाईहो. भरली मोट वर आली आन् धावेच्या टोकाले बैलं थांबले. कसे थांबतात? हालत नाईत. पन नाडा कसा वाजते? तसे उभे हायेत दोघं. तसे."

चिंचेखाली बसलेल्या एकूण एक बाईनं ते बैल पाहिले होते. विहिरीवर अख्खा भार नाड्याच्या दोरीला लटकलेला, आणि जनावर नुसतं उभं. पाय थरथरतात तेही जवळ गेल्याशिवाय कळत नाही.

"बैल कोन हाये?" चतुराबाईनं विचारलं. "माहा का त्याचा?"

"दोघंही बैल. मोट कोनाची ते आजून दिसत नाई."

कोणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं. गाड्यांखालून पुरुष उठून येऊ लागले. आणि कनातीच्या आत, मागच्या रांगेत, ज्यांना तिकीट काढूनही पुढच्या पागोट्यांपलीकडं काही दिसत नव्हतं, त्यांच्याही माना टेकाडाकडं वळल्या. वर एक बाई उभी होती. पण ते जे पाहायला आले होते ते तिच्याकडं होतं, म्हणून कोणी काही बोललं नाही.

"घाम कानामागून चालला. मोठ्याच्याही. मोठा श्वास तोंडानं घेऊन राह्यला. बाबूसिंग नाकानं. पोट पहा त्याचं, भात्यावानी. आता मोठ्यानं हात मानेवर..."

*

इथं कुस्ती थांबवावी लागते, कारण जानराव आला.

तो दारावरून तरातरा आला होता, हातात करारनामा. सरळ चंपतपुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, अंगठा हाये तुमचा. चंपत काय बोलणार? त्यानं तोंडावरच्या कापडाकडं बोट दाखवलं.

"तो बोल्ला का?" चतुराबाई म्हणाली. "त्यानं तं सकाळपासून पानीही नाई पेलं. वाचा तुमचा कागद."

जानरावनं कागद पाहिला. तो हुशार माणूस होता, त्याला दुसऱ्यांदा वाचायची गरज पडली नाही. त्यानं दुसरी बाजू धरली. हे टेकाड आखाड्याच्या मातीचं आहे म्हणाला, मारोतीची माती आहे, बाईनं त्यावर पाय ठेवला हे पंचांना कळलं तर काय होईल. दोन-चार म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. वर आवडाबाईचा पाय क्षणभर उचलला गेला.

चतुराबाईनं कनातीचं कापड चिमटीत धरलं.

"हे कोनं लावलं, जानरावभाऊ?"

"मी लावलं."

"कायले?"

"आखाडा आत राह्यला पाह्यजे म्हनून."

"मंग आखाडा आत हाये. आमी बाहेर हावोत. ते टेकाडही बाहेर हाये. तुमीच ठेवलं."

जानराव कापडाकडं बघत राहिला. त्यानं स्वतः दोरी धरून, काठीनं रेघ ओढून ती जागा ठरवली होती, टेकाड आत घेतलं तर दहा हात कापड जास्त लागलं असतं म्हणून. म्हाताऱ्यांनी आता चतुराबाईच्या बाजूनं माना हलवल्या.

"बाजूले व्हा भाऊ," चतुराबाई म्हणाली, "माह्या पोराची कुस्ती चालू हाये."

जानराव बाजूला झाला. पण दारावर परत जायला त्याला जरा वेळ लागला.

*

"...मानेवरचा हात निसटला. बाबूसिंग खाली बसला. पाय धरला त्यानं मोठ्याचा. धरला! उचलते का? उचलते. मोठा एका पायावर नाचते. एक. दोन. तीन उड्या.

नाई पडला.

मोठा वरून बसला त्याच्यावर. आता मोट भरली, मायबाईहो. भरली आन् मोठ्याच्या अंगाची भरली. बाबूसिंगच्या पाठीवर सगळा भार. हात टेकले त्यानं मातीत. कोपर. हे कोपर अन् हे कोपर.

मोठा त्याले फिरवून राह्यला. सोंडेची दोरी, सोल, कापल्यावर मोट फिरते तसा फिरवून राह्यला."

ती थांबली.

आतून एवढा मोठा ओरडा आला की कापड फुगलं. डफडं वेड्यासारखं वाजू लागलं. आवडाबाई माथ्यावर उभी होती, तोंड उघडं, आणि खाली चतुराबाई तिच्याकडं बघत होती. आवडाबाईला कळलं की चंपतनं हे तीस वर्षं केलं होतं. दर जोडीला कोणी तरी पडायचं, आणि त्याची माय खाली बसलेली असायची, आणि ते तिला सांगायला वर एकटा माणूस.

"सांग," चतुराबाई म्हणाली. "पडला ना?"

"पडला."

"कसा पडला?"

चंपत अशा वेळी काय करायचा ते आवडाबाईला पाठ होतं. तो आधी पडणाऱ्याच्या बापाचं नाव घ्यायचा, मग त्याच्या गावाचं, मग डावाचं, असं करत करत हळू जमिनीवर आणायचा. तिला ते जमलं नसतं. जे समोर होतं ते तिनं सांगितलं.

"पाठ लागली. दोन्ही खांदे लागले. पन मोठ्याचं मनगट आजून सोडलं नाई त्यानं. पंच सोडवून राह्यले, त्यायच्यानं सुटत नाई. मोठा हसते. मोठ्यानंच त्याले उभं केलं, चतुरे. पाठीवरची माती झाडून राह्यला त्याच्या. आपल्या हातानं."

चतुराबाई खाली बसली. थोड्या वेळानं तिनं दोन शेर वांगी मागितली. त्या दिवशी चिंचेखाली एकही वांगं उरलं नाही.

*

परतताना गाडीत चंपतनं तोंडाचं कापड सोडलं. ओठ पांढरे पडले होते. मग आवडाबाईनं विचारलं, तीस वर्षं आमाले काय सांगत होते तुमी?

"तुले काय दिसलं?"

"दोन मानसं उभे. अर्धा घंटा."

"तसंच असते," चंपत म्हणाला.

"मंग ते ढाक, ते कलाजंग?"

"असते ना. कधी असते, कधी नसते. जिथी नसे तिथी मी थोडं पानी सोडत होतो."

आवडाबाई बैलांच्या वशिंडाकडं बघत राहिली. एवढ्याशा तुकड्यातून, दोन उभ्या माणसांतून, ह्यानं शेताएवढा आखाडा काढला होता. दर साली. पिढ्यान् पिढ्या भांडता येईल एवढे डाव काढले होते. राग होता तो कुठं गेला ते तिला कळलं नाही. हा मोटकरी आपल्या शेजारी झोपतो, खोकतो, भाकरी जाड झाली म्हणून कुरकुरतो, आणि ह्याच्या डोक्यात एवढं होतं.

"पन मले टाच नाई दिसली," चंपत म्हणाला. "तीस वर्षांत एकदाही टाच नाई दिसली मले. तुले कशी दिसली?"

त्याच्या आवाजात जे नवल होतं ते आवडाबाईनं आधी कधी ऐकलं नव्हतं. निदान स्वतःबद्दल नव्हतं ऐकलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जानराव मळ्यात आला तेव्हा नवी मोट धावेच्या टोकाशी पुसून ठेवलेली होती आणि विहिरीवर जुनी, गळकी मोट चालू होती. ते चंपतनं केलं होतं. तोंड बांधून ठेवलं तरी आपलं घर बोललं, म्हणून मोट परत द्यायची, असं त्याचं म्हणणं.

जानराव म्हणाला, कागद मोडलेला नाही, मोट तुमची. मग त्यानं खिशातून नवा कागद काढला. त्यात दोन नावं होती. चंपत वल्द तुळशीराम आणि आवडाबाई जवजे चंपत. मोबदल्याची जागा कोरी होती, तुम्ही सांगा म्हणाला.

आवडाबाई हात पुसत आली. कागदाकडं तिनं पाहिलं नाही. उन्हानं जानरावचे डोळे लाल झाले होते, आवाज बसला होता. हिंगोलीवाल्याला आणायला त्यानं किती चकरा मारल्या, कनातीला किती बांबू लागले, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"कुस्ती कशी वाटली तुमाले?" तिनं विचारलं.

जानरावनं लाल डोळे चोळले. मग म्हणाला, "मी दारावर होतो."

"म्हनजे?"

"दाराकडं तोंड. आखाड्याकडं पाठ. एकही नाई पाह्यली मी." तो थारोळ्याच्या दगडावर बसला. कागद त्याच्या गुडघ्यावर होता. "तुमी सांगत होत्या तेवढी आयकली. मानेवरच्या हातापर्यंत. मंग मले दारावर जावं लागलं, तिथी गलक्यात काई समजलं नाई. पुढं काय झालं?"

आवडाबाईनं चंपतकडं पाहिलं. तो बैलांबरोबर धावेवर उभा होता, मोट वर आलेली, नाडा ताणलेला.

तिनं सांगितलं. मानेवरचा हात, धरलेला पाय, तीन उड्या, दोन कोपरं, न सोडलेलं मनगट. सांगता सांगता तिला वाटलं, उड्या तीन कमी पडतात. तिनं पाच केल्या. मग बाबूसिंगनं खालून एक धोबीपछाड टाकायला घेतली, जी त्यानं टाकली नव्हती, आणि मोठ्यानं ती वरच्या वर तोडली. जानराव पुढं सरकला. धावेवर चंपतनं मान वळवली, पण मधे बोलला नाही. बैलं उभी राहिली, थारोळ्यातलं पाणी पाटात गेलं, पाट कोरडा पडू लागला, तरी कोणी हाक मारली नाही.

संपल्यावर जानरावनं गुडघ्यावरून घसरलेल्या कागदाकडं पाहिलं. कागदाला खालून थारोळ्याचं पाणी लागलं होतं. त्यानं तो उचलला, दोनदा झटकला, घडी घालून खिशात ठेवला. उठताना त्यानं फक्त एक विचारलं, मनगट खरंच सोडलं नव्हतं का?

"ते खरं हाये," आवडाबाई म्हणाली.

पुढच्या सालीही कनात लागली, तिकीट लागलं. पण टेकाडाच्या बाजूचा एक पडदा नव्हता. तिथून चिंचेखालच्यांना आतलं काही थेट दिसत नव्हतं, पण आवाज मोकळा जात-येत होता, आणि टेकाडावरच्याला अख्खा आखाडा दिसत होता. जानराव भेटेल त्याला सांगत सुटला, उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ला म्हणून. कनात तो लोखंडी पेटीत ठेवायचा हे सगळ्यांना माहीत होतं. त्या साली रेवड्या दुपारीच संपल्या, आणि आतल्या मागच्या रांगेची तिकिटं सगळ्यांत आधी गेली, कारण तिथून टेकाड जवळ होतं.

टेकाडावर दोघं होते. डाव चंपत सांगायचा. दोघं पैलवान नुसते उभे राहिले की तो गप्प व्हायचा आणि आवडाबाई पुढं यायची.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दोघांच्या माना वाकड्या. तेलाची वाटी मधे ठेवून दोघं बसले, आणि आधी कोणी कोणाला चोळायचं ह्यावरून जेवणं उशिरा झाली.